धीट मराठी सिनेमा बघायचाय? मग वही घ्या

भाचीला पुण्यात नोकरी लागली आणि ती आमच्याकडे राहायला आली. दुसऱ्याच रविवारी पोहे खाता खाता म्हणाली, "मावशी, दोन-चार बोल्ड मराठी पिक्चर सांग ना." आतल्या खोलीत पेपर वाचणारे तिचे काका मोठ्यांदा खाकरले. तिला तसलं काही म्हणायचं नव्हतं. तिच्या ऑफिसातल्या एका मल्याळी मुलानं 'कोर्ट' पाहिला होता, जेवणाच्या सुट्टीत तो त्यावर अर्धा तास बोलला होता आणि ही मराठी असून नुसती मान डोलावत बसली होती. ते तिला लागलं होतं.

मी लाइटबिलाच्या पाठीमागे यादी लिहून दिली. ते बिल पुढं तिच्या ऑफिसात फिरलं. आता मी कधी न पाहिलेली मुलं तिच्यामार्फत विचारतात, "मावशी, हे झालं, पुढं काय बघू?" प्रत्येकाला वेगळं सांगायचा कंटाळा आला, म्हणून हे एकदाच सविस्तर. मी समीक्षक नाही. तिकीट काढून बघणारी बाई आहे. त्यामुळे खाली आवडीनिवडी भरपूर सापडतील.

आधी तो 'बोल्ड' शब्द बाजूला ठेवू. तो उच्चारला की आपल्याकडे लोक कपडे मोजायला लागतात. मी 'धीट' म्हणते. ज्या सिनेमापायी दिग्दर्शकानं, निर्मात्यानं, नटानं किंवा नटीनं आपलं काहीतरी पणाला लावलं, तो धीट. कधी पैसा, कधी नाव, कधी हातात असलेला प्रेक्षक, कधी स्वतःचं शरीर. नुसता आरडाओरडा करणारा सिनेमा धीट असेलच असं नाही, आणि काही सिनेमे इतक्या हळू आवाजात धीट असतात की घरी आल्यावर रात्री कधीतरी ते ध्यानात येतं.

पायरी १: शंभर पानी वही आणा

मोबाइलमध्ये नको, वहीच. तीन रकाने आखा: कोण, कधी, काय पणाला लावलं. स्टार देऊ नका. पाचपैकी साडेतीन म्हणजे नक्की काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

पहिली नोंद मी सांगते, तिच्यासाठी सिनेमा बघायची गरज नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा विम्याची पॉलिसी गहाण पडली होती, सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले होते. तारामतीच्या कामाला मात्र एकही बाई मिळेना. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या एका खानावळीतल्या स्वयंपाक्यानं लुगडं नेसून ते काम केलं. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या. फाळक्यांचा पैसा गेला असता तर परत मिळवता आला असता. दुर्गाबाईंनी जे पणाला लावलं ते त्या काळात एकदा गेलं की गेलं. म्हणून माझ्या वहीत पहिलं नाव त्यांचं आहे, फाळक्यांचं दुसरं.

पायरी २: सुरुवात 'सामना'नं करा

बहुतेक जण नव्यापासून सुरू करून मागं जातात. माझा अनुभव उलटा आहे. नव्या सिनेमांचा संथपणा नवख्याला टोचतो. 'सामना' (१९७५) मात्र गोष्टीत ओढून घेतो, कारण तो रहस्यकथेसारखा चालतो. एक दारुडा, कफल्लक मास्तर गावात येतो. कधीकाळचा गांधीवादी. गावचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील त्याला आसरा देतो. खाऊपिऊ घालतो. मास्तराच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. या माणसाचं काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो. हिंदुरावाकडे सगळ्याची उत्तरं आहेत, या एका प्रश्नाचं नाही.

मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू आणि हिंदुराव म्हणजे निळू फुले. लिहिणारे विजय तेंडुलकर, निर्माते वात्रटिकाकार रामदास फुटाणे आणि दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. पटेलांचा हा पहिलाच सिनेमा. आता पणाला काय लागलं ते बघा. त्या वेळी मराठी पडद्यावर तमाशापट आणि विनोदी सिनेमे जोरात होते. अशा काळात फेटा आणि ढोलकी यांच्या भरवशावर न राहता या मंडळींनी साखर कारखाना, सहकार आणि त्यावर पोसलेली सत्ता हा विषय घेतला. ज्या भागात हा सिनेमा दाखवायचा, त्याच भागातल्या बड्या लोकांकडे बोट दाखवायचं. बर्लिनच्या महोत्सवात १९७५ साली तो स्पर्धेत होता, आणि त्याच वर्षी जून महिन्यात इथं आणीबाणी लागली. सत्तेला प्रश्न विचारणाऱ्या मास्तराच्या गोष्टीला याहून नेमकं वर्ष सापडलं नसतं.

पहिल्यांदा बघताना फक्त गोष्ट बघा. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा निळूभाऊंकडेच बघा. हिंदुराव राक्षस नाही. त्यानं खरोखर गावाचं भलं केलंय, आणि त्याला स्वतःचं कौतुक ऐकायला आवडतं. मास्तर त्याला हवाहवासा वाटतो, कारण आजूबाजूला होयबाच सगळे. गुन्हेगाराला असा माणूस म्हणून उभा करणं हे या सिनेमाचं खरं धाडस. सरळ खलनायक रंगवला असता तर टाळ्या पडल्या असत्या आणि कुणाचंच बिघडलं नसतं.

भाचीनं 'सामना' बघून विचारलं, "हे लोक अजून आहेत?" मी म्हटलं, तू सुट्टीला गावी जातेस तेव्हा डोळे मिटून जातेस का?

लगेच पुढच्या शनिवारी 'सिंहासन' (१९७९) लावा. तीच दिग्दर्शक-लेखकाची जोडी, अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवरून. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू. पात्रं खूप आहेत, नवख्याचा गोंधळ होतो. कोण कुणाच्या गटात ते कागदावर लिहीत बसू नका. दिगू टिपणीस नावाच्या पत्रकाराचा माग धरा, तो जिथं जाईल तिथं तुम्ही जा.

पायरी ३: एक नट धरा, तीन कामं बघा

दिगू टिपणीस कोण? निळू फुलेच. हिंदुराव आणि दिगू लागोपाठ बघितलेत की ही पायरी आपोआप सुरू होते. एकाच्या हातात सगळं गाव, दुसऱ्याच्या हातात फक्त पेन, तेही बोथट. चेहरा एकच, माणसं दोन.

निळूभाऊ राष्ट्र सेवा दलातून आलेले. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला माणूस. 'एक गाव बारा भानगडी'मध्ये (१९६८) झेलेअण्णा केला आणि पडद्यावरचा बेरकी गावपुढारी म्हणजे निळू फुले हे समीकरण पक्कं झालं. माझी आई टीव्हीवर ते दिसले की पदर सावरायची! खऱ्या आयुष्यात चळवळींसाठी वेळ आणि पैसा देणारा हा सरळ माणूस, पण बायका त्यांना बघून दचकायच्या. त्या दचकण्याची किंमत त्यांनी आनंदानं मोजली. नायक व्हायच्या नादात किती चांगले नट वाया गेले ते आठवून बघा.

त्यांचं तिसरं काम तुम्हाला पडद्यावर मिळणार नाही. ते रंगभूमीवरचं. १९७२ साली कमलाकर सारंगांनी तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' बसवलं, त्यातला सखाराम निळूभाऊंचा. नवऱ्याला सोडून सखारामाकडे लग्नाशिवाय राहणारी चंपा म्हणजे लालन सारंग. आधी सेन्सॉर, मग मोर्चे, मग थेट मुंबई उच्च न्यायालय. सारंगांनी ती लढाई 'बाइंडरचे दिवस' या पुस्तकात लिहिली आहे, ते मिळवून वाचा. लालनताईंनी चंपा करताना काय पणाला लावलं असेल याचा विचार केला की माझा हात आपोआप वहीकडे जातो. मध्यमवर्गीय घरातली बाई, रोज रात्री रंगमंचावर ती चंपा, आणि सकाळी तीच बाजारात भाजी घेणारी. बघणाऱ्यांच्या नजरा काय म्हणत असतील ते मी वेगळं सांगायला नको.

दुसरं नाव लागूंचं. घशा-नाकाचे सर्जन. चाळिशी ओलांडल्यावर चालू प्रॅक्टिस सोडून नाटकात उडी घेतली. आपल्याकडे डॉक्टरकी सोडून नाटक करणाऱ्याला घरचे काय म्हणतात ते आजही ऐकू येतं, तेव्हा तर विचारूच नका. पुढं देवाला रिटायर करा असं लिहून त्यांनी अर्धा महाराष्ट्र अंगावर घेतला. त्यांचं 'लमाण' हे आत्मकथन वाचा, मात्र आधी दोन-तीन कामं बघितल्यावर. 'पिंजरा'ही (१९७२) बघाच, लागूंसाठी. तो माझ्या यादीत मात्र नाही. तिथं मास्तर घसरतो आणि दोष बराचसा नाचणारीच्या पदरात पडतो, हे मला कधी पटलं नाही. नट धीट, सिनेमा नाही, असंही होतं. वहीत तसंच लिहा.

तिसरी स्मिता पाटील. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी ही मुलगी १९८६ च्या डिसेंबरात गेली तेव्हा अवघी ३१ वर्षांची होती. तिच्यासाठी क्रम असा ठेवा: 'जैत रे जैत' (१९७७), मग हिंदी 'भूमिका', मग 'उंबरठा' (१९८२). 'जैत रे जैत'मधली ठाकर समाजातली चिंधी नवऱ्याचं घर सोडून स्वतःच्या पसंतीच्या माणसाकडे निघते. यात गाणी इतकी आहेत की घरातली म्हातारी माणसंही बसतात. 'भूमिका' हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला आहे, म्हणजे मूळ पुन्हा आपल्याचकडे. या कामासाठी स्मिताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि 'उंबरठा'. इथं जरा थांबते. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून. नवरा वकील, मारझोड नाही, दारू नाही, सासरी छळ नाही. तरी ती लहान मुलीला घरी ठेवून परगावी महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या बाईच्या मागं आपले प्रेक्षक उभे राहतात. चांगलं घर सोडणाऱ्या बाईच्या मागं कोण उभं राहणार? दिग्दर्शक जब्बार पटेल आणि स्मिता दोघांनी नायिकेला प्रेक्षकांची सहानुभूती मिळवून देणारा सोपा रस्ताच बंद करून टाकला. आश्रमातल्या दोन बायकांमधलं प्रेमही या सिनेमात येतं, तेही १९८२ साली. मी हा पहिल्यांदा कॉलेजात असताना पाहिला, तेव्हा सुलभाचं सगळं पटलं. लग्नानंतर, मूल झाल्यावर पाहिला तेव्हा मधेच उठून स्वयंपाकघरात गेले, उगाचच. तिसऱ्यांदा पन्नाशीत पाहिला. आता तिचं पुन्हा पटतं, पण नवऱ्याच्या भूमिकेतल्या गिरीश कार्नाडांचंही ऐकू येतं. तुमचं वय काय आहे त्यावर हा सिनेमा ठरतो.

पायरी ४: आता खूप मागं जा

इथवर आलात की काळा-पांढरा, खरखरत्या आवाजाचा सिनेमा बघायची तयारी झालेली असते. 'कुंकू' (१९३७), दिग्दर्शक व्ही. शांताराम, पुण्याचा प्रभात स्टुडिओ. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते. आत्महत्या नाही, घळाघळा रडणं नाही. सरळ नाही म्हणते. ते ऐकायला तेव्हाच्या प्रेक्षकांच्या कानांना किती त्रास झाला असेल!

बघताना कान उघडे ठेवा. शांतारामांनी यात पार्श्वसंगीत वापरलेलं नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, पावलं, एवढंच. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या (केशवराव दाते) घड्याळाकडे विशेष लक्ष द्या. त्यांची विधवा समाजसेविका मुलगी शकुंतला परांजप्यांनी केली आहे. त्याच शकुंतलाबाई, ज्यांनी संततिनियमनासाठी आयुष्यभर काम केलं. म्हणजे पडद्यावर सुधारणेचं बोलणारी बाई बाहेरही तेच करत होती, आणि त्या विषयावर बोलायला तेव्हा फारसं कुणी धजत नव्हतं.

नीरा झालेल्या शांता आपट्यांचा स्वभावही तसाच. १९३९ साली त्या प्रभातच्या फाटकासमोर उपोषणाला बसल्या. स्टुडिओनं पगारी ठेवलेली नटी मालकांच्या दारात उपाशी बसते, हे दृश्य सिनेमात घातलं असतं तर अतिरंजित वाटलं असतं. पुढच्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' या नावाचं पुस्तकच लिहिलं. प्रभातच्या त्याच जागेत आज पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथून जाताना मी फाटकाकडे बघते.

'कुंकू'च्या पुढच्याच वर्षी मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' आला, कथा आचार्य अत्र्यांची. त्यात मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणते आणि सगळीकडे एकच गहजब झाला. मुलं विचारतात, यातलं खरं धीट कोणतं? माझं मत बदलत आलंय. पूर्वी मी ठामपणे शांता आपटे म्हणायची. पण मीनाक्षीनंही अब्रूच पणाला लावली होती, आणि तीही एका विनोदी सिनेमात, सामाजिक कार्याचं छत्र डोक्यावर नसताना. हल्ली मी दोन्ही नावं एकाच ओळीत लिहिते.

पायरी ५: 'फँड्री', आणि त्यानंतरच 'कोर्ट'

नागराज मंजुळ्यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला थिएटरात लागला. तारीख मुद्दाम सांगितली. प्रेमकथा समजून जोडीनं आलेली मुलं-मुली मी स्वतः पाहिली. जब्या शाळेतल्या शालूवर भाळलाय, काळ्या चिमणीच्या मागं फिरतोय, इथवर सगळं गोड. पण जब्याचं घर कैकाडी, गावातली डुकरं धरायचं काम त्यांच्याकडे. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. शाळेची मुलं बघत असताना जब्याला घरच्यांबरोबर डुकरामागं पळावं लागतं. डुक्कर हाताशी येतं आणि नेमकं शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर निघून जातं. थिएटरात आधी हसू फुटलं, मग ते घशातच राहिलं.

पुढं मेलेलं डुक्कर घेऊन जाणारं कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जातं. भिंतीवर कुणाची चित्रं आहेत ते बघा, कॅमेरा तुम्हाला ओरडून सांगणार नाही. शेवटचा दगड कुणाला लागला याचं उत्तर मी भाचीला दिलेलं नाही, तुम्हालाही देत नाही. जब्या केलेला सोमनाथ अवघडे नट नव्हता, हलगी वाजवणारा पोरगा होता. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट' तुम्ही बघितलेलाच असणार, म्हणून त्यावर काही लिहीत नाही. फक्त पुन्हा बघाल तेव्हा शेवटच्या मिनिटांत आवाजाचं काय केलंय तेवढं ऐका, आणि 'कुंकू'ची आठवण ठेवा.

आता 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेनं विशीत केलेला हा पहिला सिनेमा २०१४ साली व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार घेऊन आला आणि पुढं त्याला सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळालं. माझ्या भाचीनं विसाव्या मिनिटाला फोन हातात घेतला. "मावशी, काही घडतच नाहीये!" बरोबर आहे तिचं. ज्यांना हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला जातो त्यातले निम्मे तिथंच सुटतात, आणि चूक दाखवणाऱ्याची असते.

तर असं करा. गटारात उतरून मेलेल्या एका सफाई कामगारावरून लोकशाहीर नारायण कांबळ्यांवर खटला भरलाय, आरोप असा की त्यांच्या गाण्यामुळं त्यानं आत्महत्या केली. एवढं कळलं की खटल्याचं काय होणार ही उत्सुकता सोडून द्या. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) कोर्ट सुटल्यावर कुठं जातात, लोकलमध्ये कशावर बोलतात, संध्याकाळी कुटुंबाला घेऊन कुठलं नाटक बघतात, ते बघा. बचावाचे वकील (विवेक गोम्बर, हेच सिनेमाचे निर्मातेही) दुकानात काय विकत घेतात ते बघा. एका बाईची केस बिनबाह्यांचा ड्रेस घातला म्हणून पुढं ढकलली जाते, तेव्हा न्यायाधीशांचा आवाज जराही चढत नाही हे ऐका. कॅमेरा हलत नाही, मुद्दा संपला तरी दृश्य संपत नाही. ते कंटाळवाणं आहे हे मान्य, पण कोर्टाच्या बाकावर तारीख मिळायची वाट बघत बसलेल्याचा कंटाळा तोच आहे. कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते, पेशानं नट नव्हेत. २०२१ मध्ये ते गेले. त्यांना पडद्यावर अभिनय करताना पकडता येत नाही, बघा प्रयत्न करून.

भाचीनं दुसऱ्या खेपेला पूर्ण बघितला. मग त्या मल्याळी मुलाशी भांडून आली म्हणे.

पायरी ६: हळू आवाजातले

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचे सिनेमे एका बैठकीत दोन बघू नका. मध्ये आठवडा जाऊ द्या. भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक, 'बाई' या लघुपटापासून त्यांनी १९८५ साली सुरुवात केली. 'नितळ'ची नायिका अंगावर कोड असलेली डॉक्टर. 'देवराई'त अतुल कुलकर्णी स्किझोफ्रेनियाचा रुग्ण. 'कासव' नैराश्यावर, त्याला सुवर्णकमळ मिळालं. जे आजार आपण लग्नं जमवताना लपवतो, तेच त्यांनी निवडले.

एकच बघायचा असेल तर 'अस्तु' बघा. संस्कृतचे गाढे पंडित असलेले, अल्झायमरनं सगळं विसरत चाललेले शास्त्रीबुवा रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागं निघून जातात. शास्त्रीबुवा डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. माहुताची बायको अमृता सुभाष. ती त्यांना स्वतःच्या लेकरासारखं सांभाळते, आणि सख्खी मुलगी गावभर शोधत असते. घरात अशी म्हातारी व्यक्ती असेल तर रुमाल जवळ ठेवा, बाकी मी काही बोलत नाही.

शरीर पणाला लावण्याची दोन उदाहरणं घाईनं सांगते: 'नटरंग'मध्ये अतुल कुलकर्णीनं आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं, आणि 'जोगवा'त लुगडं नेसलेल्या जोगत्याच्या भूमिकेत उपेंद्र लिमये. मिशीवर ताव मारणाऱ्या भूमिका हातात असताना दोघांनी हे घेतलं.

पायरी ७: घरच्यांबरोबर बघायचा की नाही?

हा प्रश्न येतोच. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, तेव्हा लोक पॉपकॉर्न शोधत असतात. ते वाचायची सवय लावा. २०२४ पासून 'यूए'मध्ये, म्हणजे पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या वर्गात, ७, १३ आणि १६ असे वयाचे गट आलेत, त्यामुळं अंदाज पूर्वीपेक्षा चांगला येतो. जुन्या प्रमाणपत्रावर खाली डाव्या कोपऱ्यात त्रिकोण दिसला तर समजा, कात्री लागली आहे.

पण 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी, अश्लील नव्हे. रवी जाधवांचा 'न्यूड' घ्या. नवऱ्याला सोडून मुंबईत आलेली यमुना (कल्याणी मुळे) चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसते, मुलाला शिकवण्यासाठी. २०१७ साली गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ज्युरीनं निवडलेला हा सिनेमा यादीतून ऐन वेळी काढला गेला, ज्युरीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. नंतर सेन्सॉरनं त्याला 'ए' प्रमाणपत्र देऊन सोडलं. आमच्याकडे तो आधी मी आणि भाचीनं पाहिला, नंतर तिचे काका एकटेच बसून बघत होते. जेवताना म्हणाले, "यात वाईट काय होतं?" काही नाही, म्हटलं, आमटी घ्या.

लहान मुलांबरोबर बघायचा तर अविनाश अरुणचा 'किल्ला'. त्याला बर्लिनमध्ये मुलांच्याच ज्युरीनं क्रिस्टल बेअर दिला.

पायरी ८: शुक्रवारी थिएटरात

जुने सिनेमे यूट्यूबवर आणि ओटीटीवर सापडतात. काहींच्या प्रती वाईट आहेत, चालवून घ्या. पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. पिफला, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, एकदा तरी प्रतिनिधी म्हणून नोंदणी करा आणि रांगेत उभं राहताना शेजारच्याशी बोला, निम्मं शिक्षण त्या रांगेत होतं. मुंबईकरांना १९६८ पासूनची प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी आहे.

नवा सिनेमा मात्र थिएटरातच बघा, आणि पहिल्या तीन दिवसांत. धीट मराठी सिनेमाला बहुतेक सकाळी साडेनऊचा नाहीतर दुपारी अडीचचा खेळ मिळतो आणि सोमवारी तोही जातो. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' टोरांटोच्या महोत्सवातून पुरस्कार घेऊन आला होता. सुरुवातीलाच पोरीसमोर मुलगा बसलाय आणि बायका त्याला उंची विचारतायत, असं दृश्य आहे. 'साबर बोंडं' तर २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक सिनेमाच्या कथापट विभागातला सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवून आला. रोहन कानवडे यांचा हा सिनेमा. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला आनंद, आणि त्याचा बालमित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम, सुतकाच्या घरात, आणि कुणीही कुणावर ओरडत नाही. आई सगळं समजून आहे. हा सिनेमा माझ्या वहीत 'उंबरठा'च्या शेजारच्या पानावर आहे.

तिकीट ऑनलाइन काढलंत तरी निघायच्या आधी थिएटरला फोन करून खेळ होणार आहे ना, ते विचारून घ्या. दोनच तिकिटं गेली असतील तर कधी कधी खेळ रद्द करतात. आमच्यावर एकदा ही वेळ आली तेव्हा भाचीनं ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि अर्ध्या तासात सहा जण आले, त्यातला एक तो मल्याळी मुलगा. खेळ झाला. मध्यंतरात वडापाव त्याच्याकडून.